ड्रायरचं इरलं

"नऊ मिनिटं शिल्लक आहेत," ड्रायर गोड आवाजात म्हणाला.

शर्वी तोरसकरने डोळे बारीक करून त्याच्याकडे बघितलं. बारा वर्षांची काटकुळी पोर, आणि राग म्हणाल तर नाकाच्याही दोन बोटं पुढे. ड्रायर म्हणजे कपडे वाळवणारं यंत्र. आतलं पिंप गरागरा फिरवतं आणि त्यातून गरम हवा सोडतं. याच ड्रायरने दोन वाजता सांगितलं होतं, नऊ मिनिटं. अडीच वाजता सांगितलं, नऊ मिनिटं. आता सव्वातीन वाजले होते आणि अजून नऊच!

तिने धाडकन दार उघडलं. आतलं एक दुपटं उचललं. तव्यावरून काढलेल्या भाकरीसारखं गरम! पण मुठीत दाबलं तर बोटं ओली.

"गरम आहे ना गो?" आतल्या खोलीतून आईने विचारलं.

"गरम आहे."

"आणि वाळलंय?"

शर्वीने दुपटं परत आत टाकलं. हेच तर कळत नव्हतं. एवढं गरम झालेलं कापड वाळत का नाही?

आईच्या खोलीत तीन आठवड्यांचा बोंडू झोपला होता. त्याचं बारसं व्हायचं होतं, तोवर सगळे त्याला बोंडूच म्हणत, कारण जन्मला तेव्हा तो काजूच्या बोंडासारखा लालचुटुक होता. आता तो वेगळ्याच कारणाने लाल होता. दमट दुपट्यांनी त्याच्या मांड्यांवर पुरळ आलं होतं. नाकही चोंदलेलं. दवाखान्यातल्या बाईंनी एकच सांगितलं होतं, "कोरडं कापड. दुसरं औषध नको." आणि पालवटे गावात आषाढात कोरडं कापड आणायचं कुठून? समुद्र इथून हाकेच्या अंतरावर, आणि पाऊस रोज पश्चिमेकडून भिंतीवर आडवा आपटत होता.

म्हणून उद्या दुपारी कोल्हापूरहून मामा गाडी घेऊन येणार होता. आई आणि बोंडू त्याच्यासोबत घाटावर, कमी पावसाच्या आजोळी जाणार. परत येणार ते दिवाळीला.

चार महिने! बोंडूने कालच पहिल्यांदा शर्वीचं बोट धरलं होतं. चार महिन्यांनी तो तिला ओळखणार तरी होता का?

तिने ड्रायरला एक लाथ घातली.

"सौम्य धक्का जाणवला," ड्रायर म्हणाला. "यंत्र सुस्थितीत आहे."

"आई गं!" शर्वी एका पायावर नाचत म्हणाली. अंगठा ठणकत होता.

पडवीतल्या आरामखुर्चीत कोणीतरी खो-खो हसलं. ती ओवीआत्या, बाबांची थोरली बहीण. नऊ दिवसांपूर्वी ती चंद्रावरून आली होती.

आता चंद्रावर जाणं म्हणजे काही नवलाई राहिली नव्हती. तिथल्या चांद्रतळावर (चंद्रावर माणसांनी बांधलेली वस्ती) तीनशे माणसं राहत. पण पालवट्यातून गेलेली एकटी ओवीआत्याच. आणि तीसुद्धा नववीत शाळा सोडलेली! आधी आंब्याच्या शीतगृहात थंड हवेच्या नळ्या जोडल्या, मग बोटींवर, मग पाणबुड्यांत. शेवटी चांद्रतळवाल्यांनी हाक मारली, कारण नळीला कान लावून हवा कुठे अडलीये ते सांगणारं माणूस त्यांना दुसरं सापडेना. शर्वीला आत्याच्या हातांकडे बघत बसायला आवडायचं. बोटांवर बारीक बारीक चरे होते, आणि प्रत्येक चऱ्याची एक गोष्ट.

फक्त सध्या आत्याला चालता येत नव्हतं. तिथे तिचं वजन नऊ किलोंसारखं भासायचं. इथे एकदम चोपन्न. तिथल्या अकरा महिन्यांत पायांनी कामच सोडून दिलेलं. म्हणून ती आधारसांगाडा (अंगाला बाहेरून बांधायचा, मोटरवर चालणारा आधार) घालून बसायची आणि उठली की खेकड्यासारखी चालायची.

"कोणावर राग काढतेस?" आत्याने विचारलं.

"हा खोटं बोलतो!"

"यंत्र खोटं बोलत नाही गो. त्याला जेवढं दिसतं तेवढं सांगतं. त्याची मोटर फिरतीये, त्याची हवा तापतीये. आत सगळं ठीकच आहे."

"मग कपडे ओले का? बाबा म्हणतात पावसाची हवाच दमट, त्याला कोण काय करणार."

"कोणत्या हवेने वाळवतो तो?"

"घरातल्याच. आत ओढून घेतो, तापवतो—"

"तापवल्यावर काय होतं तिचं?"

एखादी गोष्ट माहीत नसली की शर्वीला जास्तच राग यायचा. "मला काय माहीत! शाळेत नाही शिकवलं."

"मलाही नाही शिकवलं," आत्या आरामात म्हणाली. "जा. तवा ठेव मंद आचेवर. दोन फडकी भिजव, पिळ, आणि ठेव त्याच्यावर शेजारी शेजारी. एकावर वाटी पालथी घाल."

पाच मिनिटांनी शर्वी तव्यासमोर उभी होती. उघडं फडकं वाळून ताठ झालं होतं. तिने चिमट्याने वाटी उचलली. खालचं फडकं तितकंच गरम, पण ओलं ते ओलंच. आणि वाटीच्या आतल्या अंगाला टपोरे थेंब लटकत होते.

ती तशीच चिमट्यात वाटी धरून पडवीत आली. "गरम, पण ओलं. ड्रायरसारखं!"

"हां. आता सांग, उघड्या फडक्यातलं पाणी गेलं कुठे?"

"वाळलं."

"वाळलं म्हणजे गेलं कुठे? नाहीसं झालं? चांद्रतळावर कोणी असं म्हणालं ना, तर त्याला दिवसभर पाण्याचा हिशोब करायला बसवतात."

शर्वीने वाटीतल्या थेंबांकडे बघितलं. "हवेत गेलं. आणि वाटीखालच्याला हवेत जायला मिळालं नाही. म्हणजे गेलं, पण तिथेच अडकलं."

"शाब्बास! ती वाफ (पाण्याचे कण सुटे होऊन हवेत मिसळतात ती). आता हवा म्हणजे एसटी समज. थंड हवा ही छोटी गाडी. चार प्रवासी बसले की भरली. तीच हवा तापव, मोठी गाडी होते. बाहेर धो धो पाऊस असू दे, दमट हवा असू दे, तापवली की तिच्यात जागाच जागा. मग ती कपड्यांतून फिरते आणि पाण्याचे प्रवासी भराभर चढवून घेते."

"आणि भरली की?"

"तूच सांग."

"भरली की उतरवायला पाहिजेत. नाहीतर तीच भरलेली गाडी गोल गोल फिरत बसणार आणि स्टँडवरचे लोक तिथेच." शर्वीने ड्रायरच्या बंद दाराकडे बघितलं. "आपली गाडी उतरवतच नाहीये कोणाला."

आत्याने नुसत्या भुवया उडवल्या. शर्वीला वाटलं, आपल्या छातीत कोणीतरी दिवा लावला.

मग आत्याने स्वयंपाकघरातला वजनकाटा मागवला. ओली दुपटी भरली एक किलो नऊशे ग्रॅम. ड्रायरमध्ये घातली. बरोबर वीस मिनिटांनी काढून परत तोलली. एक किलो आठशे साठ.

"चाळीस ग्रॅम!" शर्वी किंचाळली. "वीस मिनिटांत एवढंसं पाणी? जेमतेम तीन मोठे चमचे!"

"हळू, बाळ उठेल. पहिल्यापासून असंच होतं का?"

नव्हतं. हा ड्रायर बाबांनी चैत्रात आणला, बोंडूसाठीच. तेव्हा पस्तीस मिनिटांत चादरी कडकडीत व्हायच्या. मग कधीपासून बिघडला? शर्वीने आठवून बघितलं. मिरगाच्या आधी जरा वेळ लागायला लागला. बोंडू आल्यावर एकदमच.

"हवा जाते कुठून, माहितीये?"

"मागून. ती नळी आहे ना, पश्चिमेच्या भिंतीतून बाहेर." बोलता बोलता शर्वीने ड्रायरच्या मागे हात घातला. नळी गरम होती. भिंतही गरम होती. आणि ओली! चुन्यावर पाण्याचे ओघळ. इतके दिवस सगळे म्हणत होते, पाऊस झिरपतोय. पण झिरपलेला पाऊस गरम कसा असेल?

"बाहेरचं तोंड बघितलंस?" आत्याने विचारलं.

शर्वीचा चेहरा पडला. आणि मग कान लाल झाले.

त्याचं कारण असं. पालवट्यात दरवर्षी पावसाआधी घराच्या पश्चिम भिंतीला झापं बांधतात. झाप म्हणजे माडाच्या चुडतांचा, फांदीसारख्या लांब पानांचा, विणलेला पडदा. पन्नास वर्षं लोकांनी प्लास्टिक लावून बघितलं, वाऱ्याने फाटून ते समुद्रात गेलं, आणि सगळे परत झापांवर आले. यंदा बाबांना वेळ नव्हता, म्हणून तोरसकरांची अख्खी भिंत शर्वीने एकटीने बांधली होती. चौदा झापं! शेजारची सुमनकाकू कमरेवर हात ठेवून बघत राहिली होती. "एक थेंब आत यायचा नाही गो," असं म्हणाली होती. सगळ्या वाडीने ऐकलं होतं.

"माझ्या झापांना काही बोलायचं नाही," शर्वी म्हणाली.

"मी कुठे बोलले?"

"तू तेच म्हणतेस! की मी केलं! की बोंडूला माझ्यामुळे..." ती तशीच दाणदाण पाय आपटत मागच्या दाराने पावसात निघून गेली.

बाहेर भुंग्या बसला होता. भुंग्या म्हणजे वाडीतलं काळं कुत्रं, कोणाचंच नाही आणि सगळ्यांचं. गेले पंधरा दिवस तो तिथेच पडून असायचा, झापांना पाठ चिकटवून. शर्वी त्याला हाकलायला वाकली आणि थबकली. एवढी मोठी वाडी. एवढे गोठे, एवढ्या पडव्या. हे शहाणं कुत्रं भर पावसाच्या अंगाला इथेच का झोपतं?

तिने त्याच्या पाठीमागे झापावर तळहात टेकवला. ऊबदार!

बाकी सगळी भिंत काळपट, चिंब, गार. फक्त इथे, तिच्या डोक्याच्या जरा वर, चुडतांच्या फटींतून काहीतरी पांढुरकं डोकावत होतं. बुरशीसारखं. खालून थेंब टपकत होते, एकामागून एक, आणि ते पावसाच्या थेंबांपेक्षा कोमट होते.

शर्वीने हात मागे घेतला. तिला रडायचं होतं, पण पावसात रडण्यात काही मजा नसते, कोणाला कळतही नाही. मग ती आत आली, पाणी गाळत, आत्यासमोर उभी राहिली.

"नळीचं तोंड तिथेच आहे," ती म्हणाली. "मीच बांधलंय त्याच्या तोंडावर. घट्ट."

आत्या हसली नाही. "माझ्या हातून एकदा चांद्रतळावर एका झडपेचं झाकण उलटं बसलं होतं. झडप म्हणजे हवेला एकाच बाजूने जाऊ देणारं दार. अकरा माणसं रात्रभर डोकेदुखीने लोळत होती. मी सांगितलं का कोणाला? आधी दोन तास दुसऱ्यांनाच शिव्या घातल्या."

"मग?"

"मग उलटं केलं झाकण. चल. आधी ड्रायरचा स्विच बंद कर, प्लग काढ. मग हात घालायचा."

आत्या खेकड्यासारखी चालत मागच्या दारापर्यंत आली आणि उंबऱ्यात छत्री उघडून बसली. शर्वीने एकावर एक जांभ्या दगडाचे दोन चिरे ठेवले आणि वर चढली. सुंभाच्या गाठी तिच्याच होत्या, त्यामुळे सुटता सुटेनात. दातांनी ओढून सोडल्या. झाप बाजूला झालं. आत नळीच्या तोंडावर मच्छरदाणीचा तुकडा होता. तोही तिनेच बांधलेला, कारण मे महिन्यात नळीत एकदा सरडा शिरला होता आणि आईने साप-साप म्हणून घर डोक्यावर घेतलं होतं.

पण जाळी आता दिसतच नव्हती. तिच्यावर पांढरं, ओलं, जाड असं काहीतरी बसलं होतं. शर्वीने ओढलं तर घोंगडीसारखं एकसंध निघून आलं. हातभर लांबीचं!

"ई! हे काय?"

"लव. कपडे घासले की त्यांचे बारीक धागे सुटतात, ते हवेबरोबर येतात. बोंडूची दुपटी कशाची आहेत?"

"जुन्या लुगड्यांची. नव्या कापडाचं पहिलं दुपटं शिवत नाहीत ना."

"म्हणून तर. धुऊन धुऊन मऊ झालेलं जुनेर. बाळाला छान, पण लव सोडतं भरपूर. आतल्या चाळणीतून थोडी निसटते. तोंड मोकळं असतं तर उडून गेली असती. तू जाळी लावलीस, जाळीने धरली, तिच्यावर आणखी बसली. वरून झाप. वाटी पालथी!" आत्याने तो गोळा हातात घेतला, पिळला, आणि तिचा आवाज बदलला. "आणि ऐक, हे नुसतं कपड्यांचं नाही. ही लव वाळली की कापसासारखी पेट घेते. गरम नळीत असला गोळा कधीही ठेवायचा नाही. बरं झालं तू आज बघितलंस."

शर्वीने भिंतीपलीकडच्या खोलीकडे बघितलं. तिथे बोंडू झोपला होता.

दोघींनी लांब दांड्याच्या कुंच्याने नळी आतून-बाहेरून साफ केली. पाव बालदी लव निघाली. मग आत्या म्हणाली, "लाव आता."

शर्वी तो लावून धावत परत चिऱ्यांवर चढली. ड्रायर घरघरला. बाहेर नळीच्या तोंडातून गरम, दमट हवेचा असा लोट आला की शर्वीच्या ओल्या कपाळावरचे केस मागे उडाले. "श्वास घेतोय!" ती ओरडली. "आत्या, हा श्वास सोडतोय!"

आणि तेवढ्यात पश्चिमेकडून सर आली. आडवी. बालदीने फेकावं तसं पाणी नळीच्या उघड्या तोंडात शिरलं. आत गुळगुळ झालं, आणि ड्रायर म्हणाला, "ओलावा आढळला. यंत्र थांबत आहे."

शर्वीने चिऱ्यांवरून चिखलात उडी मारली आणि एक शिवी दिली. ती शिवी इथे लिहायची गरज नाही.

"झाकलं तर श्वास कोंडतो, उघडं ठेवलं तर पाऊस आत! म्हणजे करायचं काय?"

"हाच तर खरा प्रश्न," आत्या म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. "हवा बाहेर पाहिजे. पाऊस, सरडा, साप आत नको. लव कुठे अडकायला नको. कर विचार. मी नाही सांगणार."

"तुला येतंय का पण उत्तर?"

"चंद्रावरचं येतं. तिकडे पाऊस नाही. पालवट्याचं तूच शोध."

शर्वी पडवीत येरझाऱ्या घालायला लागली. बसून विचार करणं तिला जमतच नसे. कणगीपासून खुंटीपर्यंत, खुंटीपासून कणगीपर्यंत. बाराव्या फेरीला ती खुंटीपाशी थांबली. खुंटीला इरलं लटकत होतं. लावणीच्या वेळी बायका डोक्यावरून पाठीवर घेतात ते, होडीसारखं, वेताचं आणि पानांचं. बायका वाकून तासन्‌तास चिखलात असतात, वरून पाऊस कोसळत असतो, पाठ कोरडी. आणि तोंड? तोंड तर मोकळंच असतं. गप्पा चालू, गाणी चालू.

"पाऊस वरून आणि पाठीमागून येतो," ती हळूच म्हणाली. "खालून कधी येत नाही."

आत्याने छत्री मिटली.

"आत्या! नळीला इरलं घालायचं! वरून आणि समोरून बंद, खालून उघडं. हवा खाली वळून जाईल, पाऊस वर चढणार नाही!"

"अगं, किती वेळ लावलास," आत्या म्हणाली, पण तिने शर्वीचं डोकं जवळ घेऊन असं कुस्करलं की आधारसांगाड्याची मोटर कुरकुरली.

मागे एक फुटकं निळं पिंप पडलं होतं. त्याचा बाक असलेला तुकडा शर्वीने करवतीने कापला. संध्याकाळी बाबा कामावरून आले, त्यांनी काही न विचारता भिंतीत चार खिळे ठोकून दिले. इरलं नळीच्या तोंडापासून वीतभर पुढे ठेवलं, म्हणजे हवेला वळायला जागा. झापाला तिथे चौकोनी खिडकी कापली. आपलं झाप कापताना शर्वीचा हात एकदा थांबला. मग तिने कोयता चालवला.

सरड्याचा प्रश्न उरला होता. त्यासाठी नळीच्या तोंडावर वरून टांगलेलं दार हवं. आतून हवा आली की ढकलून उघडेल, हवा थांबली की स्वतःच्या वजनाने मिटेल. नळीतलं पाणी पुसून शर्वीने ड्रायर परत लावला आणि आधी पत्र्याचं दार केलं. ड्रायरची हवा त्याला ढकलून ढकलून दमली, दार हललंसुद्धा नाही. मग कागदाचं केलं. ते वाऱ्याने फडफडून तिसऱ्या मिनिटाला फाटलं. तिने दोन्ही आपटली.

"जड नको, हलकं नको," आत्या म्हणाली आणि आपल्या पिशवीतून एक चंदेरी पाकीट काढलं. चांद्रतळावरच्या जेवणाचं. "हे पाणी खात नाही, उष्णतेला भीत नाही."

शर्वीने ते कापून घडी घातली, खालच्या कडेत बारीक तार ओवली. टांगलं. वाजले होते सात. मग एका बाजूला जोर जास्त झाला म्हणून तार काढून परत ओवली. बाबांनी जेवायला हाक मारली तेव्हा ती म्हणाली, "नऊ मिनिटं शिल्लक आहेत," आणि सगळे हसले. आतून आईसुद्धा.

नळी रात्रभर सुकू दिली. सकाळी पहिली दुपटी तोलली. एक किलो नऊशे ग्रॅम, अगदी कालच्याइतकीच, एक लंगोट कमी करून शर्वीने ती तेवढी जमवलीच होती. ड्रायर सुरू झाला. ती पळत बाहेर गेली. पाऊस आडवाच होता. निळ्या इरल्यावर तो तडतडत होता. आणि इरल्याखाली ते चंदेरी दार उचललं गेलं होतं, चार बोटं, थरथरत, आणि खालून पांढुरकी वाफ निघून वाऱ्यात विरत होती. लवेचा एक पुंजका आला आणि भुर्रकन उडून गेला.

वीस मिनिटांनी तिने तोललं. एक किलो चारशे ऐंशी.

"चारशे वीस!" आत्या काट्यावर वाकून म्हणाली. "काल चाळीस. दहापटीहून जास्त! यंत्र तेच, पाऊस तोच."

तेवढ्यात दारात गाडीचा हॉर्न वाजला.

मामा दोन तास आधीच आला होता. हृषीमामा, उंच, मोठ्या आवाजाचा. "काय गं भांडकुदळ! तुझ्या आजीनं गाडीत नुसत्या गाद्या भरल्यात बघ. ताई, आवरलंस का? घाटात दरड पडायच्या आत निघू या की."

आईची बॅग दाराशी भरून ठेवलेली होती. शर्वीने बॅगेकडे बघितलं, मग ड्रायरकडे.

"तेरा मिनिटं शिल्लक आहेत," ड्रायर म्हणाला.

"मामा, तेरा मिनिटं थांब."

"कशाला?"

"थांब म्हणते ना!"

"व्हय बाई, थांबतो. चहा तरी दे मग."

मामा चहा प्यायला बसला. शर्वी ड्रायरसमोर फतकल मारून बसली होती. काल नऊवर अडकलेला आवाज आज दहा म्हणाला, सात म्हणाला, चार म्हणाला. मग पिंप थांबलं. तिने दार उघडलं, हात आत घातला, आणि सगळ्यात जाड, दुहेरी शिवणीचं दुपटं निवडून काढलं. फसवणूक नको. जाड ते वाळलं तर सगळं वाळलं.

तिने ते मामाच्या हातात दिलं.

मामाने बोटांनी चाचपलं. शिवण उलटी करून बघितली. मग गालाला लावलं, डोळे मिटले, आणि त्याचा मोठा आवाज एकदम लहान झाला. "आयला... कोल्हापुरात गच्चीवर वाळल्यागत लागतंय की."

आई खोलीच्या दारात उभी होती, बोंडू खांद्यावर. तिने हात पुढे केला. मामाने दुपटं दिलं. आईने ते पलंगावर पसरलं, बोंडूला त्यात ठेवलं, आणि गुंडाळलं. बोंडूने तोंड वाकडं केलं, मग बहुतेक ऊब पोचली असावी, कारण त्याने एक लांब जांभई दिली आणि मूठ सोडली.

"हृषी," आई म्हणाली, "गाद्या राहू देत इथे. आईला सांग, बारशाला तीच इकडे येऊ दे."

"आणि तिचं ऐकणार कोण? मी? मला फाडून खाईल ती!"

"हे दुपटं दाखव तिला. धुऊन, वाळवून देते शर्वी." आईने दाराशी ठेवलेली बॅग पलंगावर घेतली, चेन उघडली, आणि बोंडूची टोपडी एकेक करून बाहेर काढायला लागली.

शर्वी मागच्या दाराने बाहेर पळाली. तिथे आत्या आधीच उंबऱ्यात बसली होती, मांडीवर कागद, हातात पेन्सिल. कागदावर निळं इरलं होतं, मापांसकट.

"हे कशाला?"

"पाठवायला. तिकडे आमच्या भाजी पिकवायच्या घुमटात नळ्यांची तोंडं धुळीने भरतात. चंद्रावरची धूळ काचेसारखी धारदार. आम्ही जाळ्या लावतो, त्या तुंबतात, बदलतो, परत तुंबतात. खाली तोंड केलेलं झाकण आणि स्वतः उघडणारं दार. करून बघतील." तिने कोपऱ्यात लिहिलं, शर्वी तोरसकर, पालवटे.

शर्वीने ते नाव दोनदा वाचलं. मग तिचं लक्ष इरल्याखाली गेलं. तिथून कोमट थेंब टपकत होते. वाफ गार पडून परत पाणी होत होती. भुंग्या येऊन नेमका तिथेच पसरला होता, पाठ ऊबेला लावून.

"आत्या, ही ऊब फुकटच चाललीये. हे पाणी पण."

"चंद्रावर हे ऐकलं असतं तर तुला कामावर घेतलं असतं."

"ती ऊब परत आत घेता येईल? पाणी बाहेरच ठेवून, नुसती ऊब?" शर्वी उठली आणि येरझाऱ्या घालायला लागली, पावसात, झापांच्या कडेने. "दोन नळ्या केल्या तर? एकीतून गरम जाणार, दुसरीतून गार येणार, एकमेकींना चिकटून... त्या भिंतीसारखं, भिंत गरम झाली होती ना... आत्या, निळं पिंप अजून उरलंय का?"

आत्याने कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती. तिने पेन्सिल पुढे केली.